'व्होरेशस' हा इंग्रजी शब्द आपलासा कसा करावा

शब्दकोशात 'व्होरेशस' या शब्दापुढे 'अधाशी, खादाड' असा अर्थ दिलेला असतो आणि तेवढाच पाठ करणारा विद्यार्थी पुढे 'व्होरेशस रीडर' असे वाचले की अडखळतो. म्हणून आधी शब्दाचे कूळ पाहावे. 'गिळंकृत करणे' या अर्थाच्या 'व्होरारे' या लॅटिन क्रियापदापासून तो आला आहे. विज्ञानाच्या पुस्तकात भेटणारे 'कार्निव्होर' आणि 'हर्बिव्होर' हे त्याचेच भाऊबंद. भाषाशास्त्रज्ञ या क्रियापदाचे नाते संस्कृतातील 'गिरति', 'गिलति' या रूपांशी जोडतात, ज्यांतून आपले 'गिळणे' आले. इतका जवळचा सोयरा एकदा ओळखला की घोकंपट्टीची गरज फारशी उरत नाही.

त्यानंतर शब्दाला ओळखीच्या जागी नेऊन बसवावे. ठाण्यात मामलेदार मिसळीच्या दोन प्लेट संपवून तिसरी मागवणाऱ्याची भूक 'व्होरेशस', आणि १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून नेलेले पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत करून नवे मागणारा वाचकही 'व्होरेशस'. आपणही पुस्तकांचा 'फडशा पाडला' म्हणतोच की! फरक एवढाच, की मराठीत 'अधाशी' म्हटल्यावर सहसा टोमणा ऐकू येतो, तर इंग्रजीत 'व्होरेशस रीडर' ही बहुधा शाबासकी असते. तेथे 'झपाटल्यासारखा वाचणारा' हे भाषांतर मला अधिक योग्य वाटते.

उच्चारात जोर 'रे' या अक्षरावर द्यावा आणि पहिले अक्षर हलके सोडावे. लिहिताना पहिला स्वर विशेष जपावा, कारण 'ओ'च्या जागी 'ई' हे अक्षर पडले की 'सत्यवचनी' अशा अर्थाचा निराळाच शब्द तयार होतो आणि खादाड मनुष्य क्षणात हरिश्चंद्र होऊन बसतो.

तात्पुरत्या भुकेसाठी मात्र हा शब्द वापरू नये. कार्यालयातून दमून आल्यावर पोटात कावळे ओरडत असतील, तर इंग्रजीत 'रॅव्हनस' म्हणतात. 'व्होरेशस' बहुधा स्वभावाचे किंवा सवयीचे वर्णन करतो. हा भेद पक्का होण्यासाठी ठाणे-वाशी लोकलच्या प्रवासात स्वतःच्या घरातील माणसांविषयी दोन्ही शब्दांची दोन-दोन वाक्ये वहीत लिहावीत आणि घरी पोहोचल्यावर ती मोठ्याने वाचावीत.