डग्गा परत ऐकू आला

तबल्याची रेकॉर्ड लावली की डग्गा पोकळ वाटायचा. घुमारा नाहीच, आणि आवाज दोन स्पीकरच्या मधोमध न बसता खोलीभर पसरलेला. मी महागडी स्पीकर केबल आणली, तिला जमिनीपासून उचलून धरणारे लाकडी ठोकळेही. फरक शून्य.

मग हिशेब मांडला. १.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम. स्पीकर ५ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर, ०.१२ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर, त्यापुढे हा रोध नगण्य. केबलचा दोष असणं शक्यच नव्हतं.

अ‍ॅम्प्लिफायर बंद करून तारा सोडवल्या आणि १.५ व्होल्टचा सेल स्पीकरच्या टर्मिनलना क्षणभर टेकवला, धन बाजू लाल टर्मिनलला. उजव्या वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा बाहेर आला, डाव्याचा आत गेला! डाव्याचा कागदी पडदा पूर्वी बदलून घेतला होता, तेव्हा आतल्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो; खर्ज एकमेकांत विरतो.

खोका उघडून तारा अदलाबदल केल्या, दहा मिनिटांचं काम. डग्ग्याची मींड पुन्हा छातीत जाणवली. ठोकळे काढून टाकले, साधी तार परत लावली. आवाज तसाच भरीव आहे.