‘अनपॉसिबल’ लिहिणारीची वही

आठवीच्या सहामाहीला इंग्रजीच्या पेपरात अपोझिट वर्ड लिहायला दहा शब्द आले होते. मी दहाच्या दहा लिहून वर्गात सगळ्यांच्या आधी पेन खाली ठेवलं. मिळाले दोन गुण. शब्दाच्या आधी ‘अन’ लावला की अर्थ उलटा होतो, एवढंच कुठंतरी वाचलं होतं. मग काय, अनपॉसिबल, अनऑनेस्ट, अनरेग्युलर, अनलीगल. ‘अनहॅपी’ आणि ‘अनकाइंड’ यांनी तेवढी लाज राखली. सरांनी पेपर देताना ‘अनपॉसिबल’ मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पुढचं वर्षभर माझं तेच नाव पडलं.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून मी हायस्कूलला आले होते. आता बेळगावात वडगावला राहते. संध्याकाळी गल्लीतली आठवी-नववीची चार-पाच मुलं माझ्याकडे बसतात. बाहेर मागांची खटखट, आत आमचं पाठांतर. त्यांच्या वह्यांत अधूनमधून तेच अनपॉसिबल भेटतं. म्हणून यंदा जे पहिल्यांदाच या प्रश्नाला सामोरे जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी त्या ‘अन’चं निस्तरू. पॉसिबलचं इम्पॉसिबल होतं, पोलाइटचं इम्पोलाइट, मॉरलचं इम्मॉरल. पी, बी, एम या अक्षरांच्या आधी ‘इन’चा ‘इम’ होतो, कारण पुढचा उच्चार करायला ओठ आधीच मिटायला लागतात. हे काही इंग्रजीचंच खूळ नाही. आपण ‘दंत’ म्हणतो तेव्हा अनुस्वाराचा न होतो आणि ‘कंप’ म्हणतो तेव्हा म. म्हणून बघा, जीभ सांगेल. तसंच एलच्या आधी बहुधा ‘इल’ येतं, जसं इल्लीगल, आणि आरच्या आधी ‘इर’, जसं इर्रेग्युलर. पण अनलकी आणि अनरिअल आहेतच, त्यामुळे नियमावर डोळे मिटून बसू नका. ऑनेस्ट, ओबे, अग्री, अपिअर यांना ‘डिस’ लागतं. हे मात्र पाठच करायचं, त्याला इलाज नाही.

स्पेलिंगमध्ये गुण जातात ते जोडाच्या जागी. पुढं लावायचा तुकडा आणि मूळ शब्द यांतलं एकही अक्षर गाळायचं नाही आणि एकही पदरचं घालायचं नाही. डिस अधिक अपिअर, म्हणून एकच एस. डिस अधिक सॅटिस्फाइड, म्हणून दोन एस. अन अधिक नेसेसरी, म्हणून दोन एन. डिसअपिअरला दोन एस घालणारी मुलं मी दरवर्षी बघते. हे वहीत अधिकचं चिन्ह घालून फोडून लिहिलं की चूक आपोआप थांबते.

आता खरी गोम. उलटा शब्द हा शब्दाचा नसतो, त्या वाक्यातल्या अर्थाचा असतो. माझ्याकडच्या एका मुलानं ‘ओल्ड’ला ‘न्यू’ लिहिलं आणि त्याचा गुण गेला. तो चिडूनच आला.

“टीचर, ओल्डला न्यू चूक कसं? पुस्तकात हायच की!”

वाक्य बघितलं तर त्यात म्हाताऱ्या माणसाची गोष्ट होती. मी म्हटलं, तुझ्या आज्जाला तू जुना म्हणतोस काय? हसला. तिथं यंग पाहिजे होतं. मराठीत आपण घर जुनं म्हणतो, माणूस म्हातारा. शेजारच्या कन्नड मुलीला विचारलं, तर तिनंही लगेच दोन शब्द दिले. वस्तू असेल तर हळे आणि माणूस असेल तर मुदुक. दोन्ही भाषांनी जे वेगळं ठेवलंय ते इंग्रजीनं एकाच शब्दात कोंबलंय. म्हणून आधी वाक्याचा अर्थ मराठीत लावायचा, मग तो उलटा करायचा आणि शेवटी इंग्रजीत जायचं. राइट म्हणजे उजवा असेल तर लेफ्ट, बरोबर असेल तर राँग. लाइट वजनानं हलका असेल तर हेवी, रंगानं फिका असेल तर डार्क. शॉर्ट माणूस असेल तर टॉल, दोरी असेल तर लाँग. हार्डचं सॉफ्टही होतं आणि ईझीही.

आपल्या सीमाभागातल्या मुलांना भाषांचा घोळ होतो, असं सगळे म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. बाजारात बेकु (पाहिजे) आणि बेडा (नको) ही कन्नड जोडी आपल्याला कुणी पाठ करायला लावलेली नसते. बसमध्ये कंडक्टर ‘मुंदे होग्री’, पुढं चला, म्हणून ओरडतो, तेव्हा मुंदेच्या उलट हिंदे, म्हणजे मागं, हे गर्दीत ढकलले जाताजाताच कळतं. विरुद्ध शब्द जोडीनं आणि प्रसंगासकट डोक्यात जातात, हे आपल्याला घरचंच आहे. इंग्रजीलाच तेवढी आपण कोरडी यादी धरून बसतो.

शब्दाची जातही सांभाळायची. सक्सेस हे नाम, त्याला फेल्युअर. सक्सीड क्रियापद, त्याला फेल. ब्रेव्ह हे विशेषण, म्हणून कॉवर्डली. नुसतं कॉवर्ड म्हणजे भित्रा माणूस, ते नाम झालं. वजनही सारखं लागतं. हॉटला कोल्ड आणि वॉर्मला कूल. ऑलवेजला सम्टाइम्स लिहाल तर अर्ध्या वाटेवरच उतरलात, तिथं नेव्हर पाहिजे. आणि किंगचं क्वीन हे अपोझिट नव्हे, ती लिंग बदला प्रश्नाची जोडी.

फसवे शब्द थोडेच, पण हटकून गळाला लावणारे. यूजफुल-यूजलेस, केअरफुल-केअरलेस हे सरळ. मात्र हेल्पफुल म्हणजे मदत करणारा आणि हेल्पलेस म्हणजे असहाय. हेल्पफुलचं उलट अनहेल्पफुल. इनव्हॅल्युएबल बघून वाटतं की किंमत नसलेलं, पण ते निघतं अनमोल. यावर इंग्रजीला नावं ठेवायला मी गेले होते, पण आपलं अमूल्य तरी काय वेगळं आहे? इनफ्लेमेबल म्हणजेही पेट घेणारंच. त्याचं उलट नॉनफ्लेमेबल. इम्पॉर्टंट आणि इम्प्रूव्ह यांतल्या ‘इम’चा नकाराशी काही संबंध नाही. इम्पॉर्टंट शब्द आला की ‘पॉर्टंट’ लिहिणारा एक तरी निघतोच.

सरावासाठी मी लग्नपत्रिका वापरते. मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो आणि आपल्याकडे लग्नसराईत त्यांना तोटा नाही. कात्रीनं चार-चार तुकडे करायचे. एका अंगाला शब्द छोट्या वाक्यात लिहून खाली रेघ मारायची. छापील अंगाला कोरी पट्टी चिकटवून तिच्यावर उत्तर. रोज पाचच नवे. जे चुकले ते गठ्ठ्यात वर, जे आले ते तळाला. दोन दिवसांनी गठ्ठा उलटा धरायचा आणि उत्तरावरून मूळ शब्द ओळखायचा. लेंडवरून बॉरो येतं, पण बॉरोवरून लेंड येता येत नाही. आपण दोन्हीला उसनंच म्हणतो, नुसतं देणं-घेणं बदलतं. तोंडी आलं तरी हातानं एकदा लिहायचंच, पेपर तोंडी नसतो. खानापूर ते बेळगाव बसला पाऊण तास लागतो. कॉलेजला असताना मी तेवढ्यात अख्खा गठ्ठा दोनदा फिरवायची.

गाइडमागची दोनशे शब्दांची यादी परीक्षेच्या आठवड्यात हातात घेऊ नका. त्यापेक्षा धड्यांतले शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करून त्यांच्या जोड्या काढा. एका गाइडात तर मला वाइडला ब्रॉड छापलेलं सापडलं होतं. पेपरातही प्रश्न नीट वाचा. समानार्थी आणि विरुद्धार्थी हे प्रश्न एकाखाली एक येतात आणि घाईत सूचना उलटी वाचली जाते. काहीच आठवलं नाही तरी जागा कोरी सोडू नका. शाळेच्या पेपरात चुकलं म्हणून गुण कापत नाहीत.

परीक्षा झाली की लग्नपत्रिकांचे हे पत्ते मी परत मागून घेते आणि खालच्या वर्गाला देते. बहुतेक तीन-चार वर्षं टिकतात. ‘ओल्ड’चा तेवढा दरवर्षी नवा करावा लागतो.