लॅटिनेक्स नियतकालिकाला लेख पाठवताय? या चुका टाळा

पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवणारे शास्त्रज्ञ, आणि चित्रकार दिएगो रिव्हेराच्या मेक्सिको सिटीतल्या एका भित्तिचित्रात भाकर वाटताना दिसणारे गृहस्थ. एवढा ऐवज हाताशी असताना आपली पिच, म्हणजे लेखाचा थोडक्यात प्रस्ताव, कोण नाकारणार, अशा तोऱ्यात मी ती अमेरिकेतल्या एका लॅटिनेक्स कला-संस्कृती नियतकालिकाला पाठवली. संपादकबाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं. गोष्ट छान आहे, पण ती मेक्सिकोची आहे. आमचे वाचक अमेरिकेतले.

आपल्याकडून होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. लॅटिन अमेरिका हा भूभाग आहे. लॅटिनेक्स म्हणजे मुळं त्या भूभागात असलेले, पण अमेरिकेत वाढलेले किंवा राहणारे लोक. वर्ध्याची गोष्ट आणि न्यू जर्सीच्या मराठी मंडळाची गोष्ट एक नसते, तसंच हे. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले, त्यांच्या नातवंडांबद्दल मी लिहायला हवं होतं. ते सुचलं, पण उत्तर आल्यावर.

दुसरी गफलत खुद्द त्या शब्दाची. नियतकालिक स्वतःला लॅटिनेक्स म्हणवतं म्हणून लेखातल्या प्रत्येक माणसाला ते लेबल चिकटवू नका. प्यू संशोधन संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांच्या, प्रौढांपैकी जेमतेम ३ टक्के लोक स्वतःसाठी हा शब्द वापरत होते. लॉस एंजेलिसचा चित्रकार स्वतःला चिकानो (मेक्सिकन मुळांचा अमेरिकन) म्हणेल, न्यूयॉर्कची कवयित्री न्यूयोरिकन (प्वेर्तो रिकन मुळांची न्यूयॉर्ककर). ते काय म्हणतात ते विचारा आणि तेच लिहा. ब्राझीलचा माणूस लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांचा, असतो पण हिस्पॅनिक नसतो, कारण त्याची भाषा पोर्तुगीज. आणि न्यूयॉर्कमधल्या प्वेर्तो रिकोच्या (अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाच्या) माणसाला ‘परदेशातून आलेला’ म्हणालात तर पिच तिथेच संपली. ते लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत.

आता खुद्द पिच. नवखे लोक विषय पाठवतात आणि त्याला पिच म्हणतात. ‘मला फ्रिडा काहलोच्या प्रेरणादायी आयुष्यावर लिहायचं आहे’ हा विषय झाला, तोही इतका चावून चोथा झालेला की संपादक पुढची ओळ वाचत नाहीत. त्याऐवजी असं लिहून पाहा:

‘१९३२ साली मेक्सिकन चित्रकार सिकेरोसने लॉस एंजेलिसच्या ओल्व्हेरा स्ट्रीटवर, अमेरिकन गरुडाखाली क्रुसावर बांधलेला आदिवासी रंगवला. काही वर्षांतच त्या भिंतीवर पांढरा रंग फासला गेला. २०१२ मध्ये ते चित्र पुन्हा लोकांसाठी खुलं झालं. आज त्याच गल्लीत दुकान चालवणारी माणसं त्या भिंतीकडे कशी बघतात, यावर मला १२०० शब्द लिहायचे आहेत. तिघांशी माझं बोलणं झालं आहे.’

यात काय आहे बघा. ठिकाण आहे, ताण आहे, आजचा प्रश्न आहे, शब्दसंख्या आहे, आणि काम सुरू झाल्याचा पुरावा आहे. अर्थात ‘तिघांशी बोलणं झालं’ हे खरं असलं तरच लिहा. एवढ्यानंतर स्वतःबद्दल दोन ओळी पुरतात. ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ नको.

पण तुम्हीच का, हा प्रश्न इथे जरा जास्त धारदार असतो. २०२० च्या जानेवारीत ‘अमेरिकन डर्ट’ ही मेक्सिकन आई-मुलाच्या पलायनाची कादंबरी आली आणि लेखिकेला हे जग कितपत ठाऊक आहे यावरून एवढा गदारोळ झाला की प्रकाशकाने तिचा दौराच रद्द केला. काही नियतकालिकं कथा-कविता फक्त लॅटिनेक्स लेखकांकडूनच घेतात. तसं नियमांत लिहिलेलं असेल तर वाद न घालता समीक्षेचा किंवा मुलाखतीचा दरवाजा उघडा आहे का ते बघा. आणि कृपा करून ‘गोव्यात पोर्तुगीज होते, म्हणजे आम्हीही थोडे लॅटिनच’ असली नाती जोडू नका. मी ही ओळ एका मित्राच्या मसुद्यात वाचली आहे. खोडलीही आहे.

नावांचं बघा. कोलंबियाच्या कादंबरीकाराला आपण सर्रास ‘मार्केझ’ म्हणतो. त्यांचं आडनाव गार्सिया मार्केझ. स्पॅनिश रिवाजात पहिलं आडनाव वडिलांचं, दुसरं आईचं, त्यामुळे नुसतं दुसरं लिहिणं म्हणजे माणसाला आजोळच्या नावाने हाक मारणं. अक्षरांवरच्या खुणाही गाळू नका. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. त्यातल्या ‘एन’वरची नागमोडी रेघ गेली की उरतो ‘आनो’, म्हणजे गुदद्वार. ‘मी तीस वर्षांची आहे’ या वाक्याचं काय होतं ते तुम्हीच ताडा.

स्पॅनिश शब्द तिरप्या अक्षरांत टाकायचे आणि कंसात अर्थ द्यायचा, ही सवयही अनेक संपादकांना खटकते. त्यांच्या वाचकाला ‘आबुएला’ म्हणजे आजी हे सांगणं म्हणजे तुम्हाला कुणी पुरणपोळी समजावून सांगण्यासारखं आहे.

वेळ चुकणं हे तर नेहमीचंच. हिस्पॅनिक वारसा महिना १५ सप्टेंबरला सुरू होतो, आणि त्यासाठीच्या पिचेस सप्टेंबरमध्येच येऊन धडकतात. जुलैत पाठवा. ‘सिंको दे मायो’ला (५ मे) मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन म्हणू नका, तो १८६२ च्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. लेख, समीक्षा, मुलाखत यांची आधी पिच; कथा-कविता मात्र पूर्ण लिहूनच पाठवायच्या. पिच ईमेलमध्येच लिहा, फाइल जोडू नका. एकच कविता चार ठिकाणी पाठवायची मुभा आहे का ते नियमांत बघा, आणि एकीकडे स्वीकारली गेली की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. फेसबुकवर टाकलेली कविताही पुष्कळदा ‘पूर्वप्रकाशित’ धरली जाते.

उत्तरच आलं नाही तर? नियमांत मुदत दिली असेल तर ती संपू द्या. नसेल तर दोन आठवड्यांनी त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण. पुन्हा शांतता, तर पिच दुसरीकडे न्या, पण नव्या नियतकालिकाचे चार अंक वाचून ती नव्याने लिहा. मी घाईत जुन्याच संपादकबाईंचं नाव वर ठेवून पाठवली होती, आणि उत्तर आलं नाही यात नवल नाही.

स्वीकारलं गेलं, तर मानधन किती, कधी आणि हक्क कोणाकडे हे लिहायला बसण्याआधी विचारा. भारतात राहून लिहिणाऱ्याकडे अमेरिकन प्रकाशक साधारणपणे डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म मागतात. त्यात नाव बँक खात्यावर आहे तस्संच भरा. माझ्या खात्यावर वडिलांचं नाव मध्ये आहे, फॉर्मवर नव्हतं. पहिल्या लेखाचे पैसे त्यापायी दोनदा परत गेले.