‘चेक इंजिन’चा दिवा लागल्यावर: सेन्सर बदलण्याआधीची तपासणी

मुंबईत पावसाने जोर धरला की ‘चेक इंजिन’चा दिवा लागलेल्या गाड्या गॅरेजात येऊ लागतात, आणि स्कॅनरवर नाव आले एवढ्याच कारणावरून त्यांतील एखादा धडधाकट सेन्सर बदलला जातो. फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेला आणि स्कॅनरवर वाचता येणारा दोषाचा क्रमांक, हा दोष कोणत्या सर्किटमध्ये दिसला एवढेच सांगतो. तो सेन्सरात आहे, वायरीत आहे की कनेक्टरात शिरलेल्या पाण्यात, हे मल्टिमीटर लावल्याशिवाय ठरत नाही.

दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा इंजिन मिसफायर करीत असते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसते, आणि न जळलेल्या इंधनामुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतिशय तापतो. अशा वेळी गाडी बाजूला घेणेच योग्य. दिवा स्थिर असेल, तर स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावावा आणि कोडसोबत फ्रीज फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनावरील भार, लिहून घ्यावी. कोड पुसला की ही नोंदही जाते. गाडी सीएनजीवर असेल, तर दोष कोणत्या इंधनावर आला हेही टिपावे.

त्यानंतर बॅटरी पाहावी. बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू इंजिनावर बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांमध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी सोडवून घासावी, कारण खराब अर्थिंगमुळे एकमेकांशी संबंध नसलेले अनेक कोड एकदम येतात.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. पी०११८ हा कोड कूलंट तापमान सेन्सरच्या सर्किटमधील व्होल्टेज जास्त असल्याचा आहे. स्कॅनरवर अशा वेळी अनेकदा उणे ४० अंश दिसते, आणि मुंबईत हा आकडा खोटा आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. इग्निशन चालू ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढावा. सेन्सर दोन वायरींचा असेल, तर वायरिंगकडील दोन टोकांमध्ये सुमारे ५ व्होल्ट मिळायला हवेत. ते मिळाले, तर तीच दोन टोके तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडून स्कॅनर पाहावा. आकडा उणे ४० वरून एकदम शंभराच्या पुढे गेला, तर वायरिंग आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) ठीक आहेत, दोष सेन्सरात किंवा त्याच्या पिनांत आहे. आकडा हलला नाही, तर नवा सेन्सर आणून काहीही साधणार नाही. पिनांवर हिरवट थर दिसला, तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पूर्ण वाळवून कनेक्टर परत बसवावा; माझ्या मते पावसाळ्यात हे सर्वांत आधी करावे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच वेळी शोधाव्यात. ही तार जोडण्याची युक्ती मात्र तीन वायरींच्या सेन्सरवर कधीही करू नये.

पी०१७१ आल्यास, म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडत असल्यास, फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेली टक्केवारीतली वाढ किंवा घट, स्कॅनरवर पाहावा. तो आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) १० टक्क्यांच्या बराच वर असून २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, कुठेतरी हवा गळते आहे. भार वाढताच ट्रिमही वाढत असेल, तर इंधनाचा दाब आणि फिल्टर तपासावा. पी०३०२ सारख्या, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरच्या, मिसफायरच्या कोडला, प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल असल्यास, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल कराव्यात. कोड पी०३०३ झाला, तर कॉइल दोषी. सीएनजीला ठिणगीसाठी अधिक व्होल्टेज लागत असल्याने कमजोर प्लग आणि कॉइल आधी गॅसवरच उघडे पडतात.

दुरुस्तीनंतर कोड पुसून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि फ्रीज फ्रेममधील वेग व भार पुन्हा येईल अशी गाडी चालवावी. द्रुतगती महामार्ग पहाटे मोकळा असतो, तेव्हा हे जमते. काही कोड सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतात, म्हणून दिवा विझलेला असला तरी स्कॅनरमधील ‘पेंडिंग’ कोड पाहूनच काम संपले असे समजावे.