जिऑलॉजी शिकायला ठाण्या-नवी मुंबईकडे येताय?

राहायची जागा कॉलेज बघून ठरवा, मामा कुठे राहतो ते बघून नाही. सेंट झेवियर्सला बी.एस्सी.त जिऑलॉजी घेणार असाल तर ठाणे किंवा कळवा बरं, सीएसएमटीची लोकल थेट आहे. वाशी-नेरुळहून हार्बरनेही थेट जाता येतं, फक्त वेळ जास्त जातो. पवईच्या आयआयटीत जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी.ला लागलात आणि बाहेर राहायची वेळ आली, तर ऐरोली धरा. पूल ओलांडला की मुलुंड, पुढे पवई. भाड्याचं मी काही सांगत नाही, ते दर जूनला बदलतं. डिपॉझिटची पावती मात्र लिहून घ्या.

मी मूळची यवतमाळकडच्या वणीची. आमच्याकडे कोळसा, चुनखडी, वालुकाश्म सगळं हाताशी. त्यामुळे तिकडून आलेल्या पोरांची पहिली तक्रार ठरलेली असते, "ताई, इकडे सगळा काळा पत्थरच आहे की!" आहेच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढलेल्या लाव्ह्याचा दगड, म्हणजे बेसाल्ट. पण तो नीट वाचायला शिकलात तर तीन वर्षं पुरत नाहीत, हे माझं ठाम मत.

कळवा-मुंब्र्याकडच्या पारसिकच्या डोंगरापासून सुरुवात करा. माळशेज, माथेरानकडे लाव्ह्याचे थर जवळपास आडवे दिसतात. इथे तेच थर पश्चिमेला, खाडीच्या बाजूला कललेले आहेत. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या या वाकाला पुस्तकात पनवेल फ्लेक्शर म्हणतात, आणि सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटला त्या काळच्या ताणाशी त्याचा संबंध जोडतात. आता गंमत अशी की उत्तर-दक्षिण गेलेल्या कापासमोर उभे राहिलात तर थर आडवेच वाटतील, आणि तुम्ही वहीत 'डिप शून्य', म्हणजे कल नाही, असं लिहून मोकळे व्हाल. पूर्व-पश्चिम कापलेली दरड शोधा, तिथे कल लगेच डोळ्यात भरतो. ॲपरंट डिप (कापात दिसतो तो कल) आणि ट्रू डिप (थराचा खरा कल) यातला फरक फळ्यावर चार वेळा सांगून जे होत नाही ते इथे पाच मिनिटांत होतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हा प्रश्न हमखास येतो. दिशा आणि कल मोजायचा ब्रंटन कंपास कॉलेजचा असतो आणि तो आठ जणांत एक, म्हणून रीडिंग दुसऱ्याच्या वहीतून उतरवायची सवय लागते. ती लावून घेऊ नका.

एकाच दगडाचा कंटाळा आला तर गोराई-मनोरीला जा, तिथे ट्रॅकाइट हा फिक्या रंगाचा ज्वालामुखी दगड मिळेल. कान्हेरीची लेणी ज्वालामुखी ब्रेशियात, म्हणजे तुकडे एकत्र घट्ट होऊन बनलेल्या दगडात, कोरलेली आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब साधारण ६० मीटर उंच. आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळाचे, म्हणजे इंटरट्रॅपियन थर वरळीला होते. त्यांत बेडकाचे जीवाश्म सापडले होते, हे मुंबईकरांनाही माहीत नसतं. लेण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानात हातोडा काढायचा नाही, नमुना घ्यायचा नाही. खाणीत मालकाची परवानगी आणि सुरुंगाची वेळ विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

टोपोशीटचे, म्हणजे भूभागाच्या सरकारी नकाशांचे, नंबर आत्ताच टिपून ठेवा: ठाणे ४७ ए/१६, बेलापूर ४७ ई/४, पनवेल ४७ एफ/१. हे जुन्या पद्धतीचे आहेत, पण सर लोक अजून तेच बोलतात. जीएसआयचे (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) भूशास्त्रीय नकाशे 'भूकोश' पोर्टलवर फुकट बघता येतात.

फील्ड ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दगडावर शेवाळ, खारघरच्या पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर बंदी. त्या दिवसांत थिन सेक्शन, म्हणजे दगडाचे पातळ काप, सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसा. १०एक्स भिंग गळ्यात हवं आणि डोळ्याला टेकवून धरायला हवं. ताजा बेसाल्ट फोडताना चष्मा लावाच, कपची उडते. हातोडा बॅगेत असेल तर कॉलेजचं आयकार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, स्टेशनवर स्कॅनरला बॅग लागली की विचारणा होते.

नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, भूभौतिकीची ओढ असेल तर प्रोजेक्टसाठी विचारून बघा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजणी १९०४ ते १९०६ या काळात अलिबागला हलवली, त्या वेधशाळेचा वारसा हिच्याकडे आहे.

आता नोकरीचं. यूपीएससीची जिओसायंटिस्ट परीक्षा आहेच, पण तिला एम.एस्सी. लागतं. तोवर हाताशी आहेत ते मेट्रो, बोगदे आणि पुलांसाठी जमिनीत घेतलेले बोअर. बोअरमधून निघालेल्या दगडाच्या दांड्यांचा, म्हणजे कोअरचा, बॉक्स समोर येतो, तुम्ही टेप लावून १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज करता, रनच्या, म्हणजे एका खेपेत ड्रिल केलेल्या, एकूण लांबीने भागता, शंभराने गुणता; झाला आरक्यूडी, म्हणजे दगड किती अखंड आहे त्याचा टक्का. खरी मेख तुकडे मोजताना असते. ड्रिलिंगच्या धक्क्याने तुटलेला कोअर अखंड धरायचा, आणि ताजी भेग कुठली, जुना सांधा कुठला हे त्या पृष्ठभागावरचा गंज, माती किंवा झिओलाइट या खनिजाचा थर बघून ठरवायचं. ड्रिलर घाई करेल, साइट इंजिनियर तर आकडा आधीच विचारेल. बॉक्स धुऊन, उन्हात नेऊन बघितल्याशिवाय सही करू नका. आणि पहिल्या पगारात सेफ्टी शूज स्वतःचे घ्या, साइटवरचे कधीच मापाचे नसतात.