अमेरिकेत घराचा हप्ता थकला, तर फोनआधी काय काय हाताशी ठेवावं

सर्व्हिसरला फोन लावण्याआधी कर्ज नेमकं कोणाचं आहे ते शोधा. सर्व्हिसर, म्हणजे दरमहा पैसे घेणारी कंपनी, बहुतेक वेळा नुसती वसुली करते. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन संस्थांच्या संकेतस्थळांवर पत्ता टाकून पाहता येतं. कर्ज एफएचएचं (केंद्राच्या गृहनिर्माण प्रशासनाने विमा दिलेलं) किंवा व्हीएचं (माजी सैनिकांसाठीच्या खात्याची हमी असलेलं) असेल तर मूळ कागदांत तसं लिहिलेलं असतं. कोविडकाळात सगळा फरक इथेच पडला. 27 मार्च 2020 च्या केअर्स कायद्याने 180 दिवस, आणि मागितल्यास आणखी 180 दिवस, हप्ते थांबवण्याचा हक्क दिला, पण तो फक्त केंद्र सरकारचं पाठबळ असलेल्या कर्जांना, आणि तोही तोंड उघडून मागितला तरच. पुढच्या वर्षी ग्राहक वित्तीय संरक्षण ब्युरोने आकडे काढले: एकूण कर्जदारांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मिळून 18 टक्के, हप्ते थांबवलेल्यांत मात्र 33 टक्के.

फोनशेजारी वही हवी. तारीख, बोलणाऱ्याचं नाव, कर्ज क्रमांक आणि काय कबूल केलं ते तिथल्या तिथे लिहा. पहिला प्रश्न असा विचारा: थांबवलेले हप्ते फेडायचे कसे? ‘सगळे एकदम भरा’ हे उत्तर ऐकून कित्येकांनी सवलतच घेतली नाही. फॅनी, फ्रेडी आणि एफएचएच्या कर्जांना ती सक्ती नव्हती. थकबाकी कर्जाच्या शेवटी ढकलता येत होती. कर्जाची फेररचना सुचवली तर सही करण्याआधी नवा व्याजदर वाचा. 3 टक्क्यांचं कर्ज चालू बाजारभावाने लिहून दिलं, तर मुदत वाढूनही हप्ता चढू शकतो.

एस्क्रोचा, म्हणजे कर आणि विम्यासाठी हप्त्यातून बाजूला काढल्या जाणाऱ्या पैशांचा, हिशेब लेखी मागा. हप्ते थांबले तरी मालमत्ता कर आणि विमा थांबत नाहीत, ते सर्व्हिसर भरत राहतो. समजा महिन्याला 400 डॉलर एस्क्रोचे आहेत आणि वर्षभर काहीच भरलं नाही. ती रक्कम थकबाकीत धरली गेली नसेल, तर 4,800 डॉलरची तूट उरते, आणि 12 महिन्यांत वाटली तरी दर हप्त्यावर 400 चढतात. सवलत संपल्यावर पुन्हा घसरणाऱ्या घरांचं कारण कितीदा एवढंच असतं.

अर्जाचे कागद एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यात पाठवा: अलीकडच्या पगाराच्या पावत्या, दोन महिन्यांची बँक विवरणं, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, अडचणीचं एक पानी पत्र. तुकड्यातुकड्याने पाठवलं की शेवटचा कागद पोचेपर्यंत पहिली पावती शिळी होते आणि फाईल ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहते. पूर्ण अर्ज लिलावाच्या 37 दिवसांहून आधी पोचला, तर सर्व्हिसरला 30 दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि तोवर लिलाव करता येत नाही.

घर आजीच्या नावावर, आजी गेलेली, मृत्युपत्र नाही: दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत ही गाठ नेहमीची, कारण वकिलाकडे जाण्याइतका विश्वास आणि पैसा पिढ्यान्‌पिढ्या नव्हता. हप्ता नातू भरतो, पण सर्व्हिसर म्हणतो, कर्ज तुमचं नाही, बोलणार नाही. 2018 पासून लागू असलेल्या नियमानुसार वारसाची ओळख पटली की त्याला कर्जदारासारखंच वागवावं लागतं. मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारे जन्मदाखले, घराचं खरेदीखत आणि वारसाचं प्रतिज्ञापत्र जोडा; आणखी कोणते कागद लागतील ते पत्राने विचारा.

राज्याचा कायदा बघायला विसरू नका. न्यू जर्सीत, जिथे मराठी घरंही पुष्कळ आहेत, जप्ती कोर्टातून होते आणि दाव्याला उत्तर द्यायला 35 दिवस मिळतात, फ्लोरिडात 20. जॉर्जिया आणि टेक्सासमध्ये बहुतेक जप्त्या कोर्टाविनाच होतात. टेक्सासमध्ये लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सूचना 21 दिवस आधी. पाकीट न उघडता ठेवलं तर हे दिवस तसेच निघून जातात.

हडची (केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची) मान्यता असलेला गृहसमुपदेशक जप्ती टाळण्यासाठी फुकट मदत करतो. जप्ती थांबवतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला, आणि ‘खरेदीखत तात्पुरतं माझ्या नावावर करा’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. वर्णामुळे वेगळी वागणूक मिळाली असं वाटत असेल, तर 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याखाली हडकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. वहीतल्या त्या पानांच्या प्रती सोबत जोडा.