संगणकाची वाय-फाय ट्रान्समिट पॉवर : बिघाड कसा शोधावा

वाय-फायच्या सगळ्या पट्ट्या भरलेल्या दिसत असूनही व्हिडिओ कॉलमध्ये आपला आवाज समोरच्याला तुटक ऐकू जात असेल, तर त्या पट्ट्यांवर विसंबून चालत नाही. राउटरचा सिग्नल संगणकाला किती जोरात मिळतो, एवढेच त्या दाखवतात. संगणकाचा सिग्नल राउटरपर्यंत कितपत पोहोचतो हे त्यांवरून कळत नाही आणि ट्रान्समिट पॉवरचा, म्हणजे संगणक आपला सिग्नल किती शक्तीने पाठवतो याचा, संबंध नेमका याच दुसऱ्या दिशेशी असतो. म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी बिघाड कोणत्या दिशेचा आहे हे ठरवावे.

त्यासाठी राउटरपासून दोन-तीन मीटरवर बसून डाउनलोड आणि अपलोड या दोन्हींचा वेग मोजावा व मग त्रासाच्या जागी जाऊन तेच मोजमाप पुन्हा करावे. दुसऱ्या जागी डाउनलोड थोडेच घटले आणि अपलोड मात्र कोसळले, तर संगणकाचे प्रक्षेपण कमी पडत असल्याचा संशय घेता येतो. याहून भरवशाचा पुरावा ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर मिळतो, कारण अनेक राउटर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा सिग्नल डीबीएम या शक्तीच्या एककात दाखवतात; उणे आकडा शून्यापासून जितका दूर, तितका सिग्नल क्षीण. संगणक आणि मोबाइल एकाच टेबलावर ठेवून, दोन्ही एकाच बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) असताना, हे आकडे ताडून पाहावेत. मोबाइल उणे ६० आणि संगणक उणे ७५ दिसत असेल, तर दोष संगणकाकडे आहे असे मानायला हरकत नाही.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टर्सखालील वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जावे आणि अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ट्रान्समिट पॉवर हा पर्याय शोधावा. इंटेलच्या कार्डांत तेथे लोएस्टपासून हायेस्टपर्यंत पाच पायऱ्या असतात आणि मूळ निवड हायेस्ट हीच असते; ती खाली आलेली दिसली, तर कधीतरी कोणीतरी ती बदललेली आहे. हा पर्यायच दिसत नसेल, तर तो त्या ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, दिलेला नाही. अशा वेळी संगणकाच्या किंवा कार्डाच्या निर्मात्याचा ड्रायव्हर बसवून पाहावा. पॉवर ऑप्शन्समधील पॉवर सेव्हिंग मोड ही मात्र निराळी गोष्ट आहे. तो मोड रेडिओला मधूनमधून झोपवतो, त्यामुळे केवळ बॅटरीवर असतानाच त्रास होत असेल, तर आधी तेथे मॅक्सिमम परफॉर्मन्स निवडावे. काही नव्या लॅपटॉपांवर हा पर्याय लपवलेला असतो.

मॅकमध्ये वापरकर्त्याला ट्रान्समिट पॉवर बदलण्याची सोय नाही. ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केल्यास सिग्नल, नॉइज (आसपासचा रेडिओ गोंगाट) आणि देशाचा कोड (कोणत्या देशाची प्रक्षेपण-मर्यादा लागू आहे ते) यांची माहिती तेवढी मिळते.

लिनक्समध्ये बदलाला अधिक वाव आहे आणि फसायलाही. आयडब्ल्यू (iw) या आज्ञेला ट्रान्समिट पॉवर एमबीएममध्ये, म्हणजे डीबीएमच्या शंभराव्या भागात द्यावी लागते. २० डीबीएम हवे असतील, तर २००० लिहावे लागते. थेट डीबीएम घेणाऱ्या जुन्या आयडब्ल्यूकॉन्फिग (iwconfig) आज्ञेच्या सवयीने नुसते २० लिहिणारा माणूस प्रत्यक्षात ०.२ डीबीएम, म्हणजे जेमतेम १ मिलीवॅट मागतो आणि मग जोडणी का तुटली म्हणून रात्रभर ड्रायव्हर बदलत बसतो. उलट ३० डीबीएम मागूनही आकडा हलला नाही, तर देशाचा कोड पाहावा. तो ०० असेल, तर सर्व देशांत चालेल अशी सावध मर्यादा लागू असते आणि ५ गिगाहर्ट्झच्या अनेक चॅनेलवर कार्ड स्वतःहून प्रक्षेपण सुरू करत नाही. कोड आपल्याच देशाचा लावावा. मर्यादा वाढवून घेण्यासाठी परक्या देशाचा कोड लावणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय अनेक कार्डांच्या स्मृतीत स्वतःची मर्यादा कोरलेली असल्याने ते बहुधा निष्फळही ठरते.

आकड्यांचा अर्थ लावताना हे मोजमाप लॉगॅरिदमिक आहे हे विसरू नये. ० डीबीएम म्हणजे १ मिलीवॅट, २० म्हणजे १०० आणि ३० म्हणजे १००० मिलीवॅट. ३ डेसिबल वाढले की शक्ती साधारण दुप्पट होते. दुप्पट शक्ती ऐकायला मोठी वाटते, पण मध्ये एखादी जाड काँक्रीटची भिंत असेल, तर ती एवढा लाभ सहज गिळून टाकते. त्यामुळे १७ डीबीएमचे २० करण्यापेक्षा लॅपटॉप दोन हात सरकवणे पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. शिवाय वेग जितका जास्त, तितकी लहरींतील विकृती कमी ठेवावी लागत असल्याने कार्डे वरच्या वेगांवर आपली शक्ती स्वतःच उतरवतात, म्हणून सेटिंगमधील आकडा ही कमाल मर्यादा समजावी.

सगळी सेटिंग्ज योग्य असूनही राउटरला संगणक क्षीणच दिसत असेल, तर अँटेना तपासावा. लॅपटॉप दुरुस्तीसाठी उघडला गेल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर संशय सर्वप्रथम कार्डाला अँटेना जोडणाऱ्या बारीक केबलींवर घ्यावा. त्यांचे कनेक्टर नीट दाबून बसले नाहीत, तरी संगणक राउटरजवळ ठीक चालतो आणि दुसऱ्या खोलीत गेला की ढेपाळतो. डेस्कटॉपमध्ये तर कधीकधी मागच्या बाजूचे अँटेने खोक्यातून काढून जोडायचेच राहिलेले असतात. संगणक बंद करून आणि वीज तोडून हे कनेक्टर बसवावेत व राउटरच्या पानावरील तोच आकडा पुन्हा पाहावा.